ठमीची साक्ष

आमच्या कंपनीच्या वकील मॅडम कॅन्टीनच्या वरणाचाही मसुदा तपासायच्या, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस फेकतोय. फेकतोयच. पण माझं फेकणं पगारी होतं, हे आधी लक्षात घ्या. मानपाड्याच्या पुढे, कापडाचे रंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात मी अहवाल, माहितीपत्रकं, मालकांची भाषणं असलं सगळं लिहायला होतो. गेटजवळच्या चार अशोकांना मी 'वनराई' म्हटलेलं आहे आणि मागच्या डबक्याला 'जलाशय'. पर्यावरणाचा वार्षिक अहवाल लिहायला घेतला की माझ्या पेनातून मोर नाचत बाहेर यायचे. ही सगळी माझी लेकरं छापखान्यात जाण्याआधी मॅडमच्या टेबलावरून जायची. तिथे त्यांची हजामत व्हायची. चाळीस पानांचा अहवाल आत जायचा आणि बाहेर यायची ती लग्नपत्रिका.

मॅडम कल्याणच्या. उंची एवढी, की कोर्टात उभ्या राहिल्या तर न्यायाधीश म्हणायचे, 'आधी उभ्या राहा, मग बोला.' हे मी पाहिलेलं नाही, पण झालंच असणार. आवाज मात्र असा, की त्या ठाण्यात शिंकल्या तर खडवलीला झोपलेलं कुत्रं उठून बसावं. आम्ही नौपाड्यातली माणसं. आमच्याकडे भांडणसुद्धा 'बरं का' लावून करतात. त्यामुळे पहिले काही महिने मी त्यांच्या केबिनबाहेर उभा राहूनच ऐकायचो. आत जायची गरजच पडत नसे.

कंपनीचा वकील म्हणजे वरच्या मजल्यावर, एसीत, जाड काचेमागे ठेवायची वस्तू, असा मालकांचा समज होता. मॅडमनी ती केबिन आल्या आल्या परत केली आणि सांडपाण्याच्या प्लँटला लागून असलेली कंप्रेसरची जुनी खोली मागितली.

"अहो, तिथे वास येतो," मालक म्हणाले.

"म्हणूनच. वास आधी येतो, नोटीस नंतर येते. मला वास आलेला बरा."

त्या खोलीत खुर्चीखाली त्यांचे गमबूट असायचे. सुती साडी, केसांत अबोलीचा वळेसर आणि खाली काळे गमबूट, असा तो अवतार कारखानाभर फिरायचा. बुद्धपौर्णिमेला त्याच गमबुटांत, हातात खिरीचं पातेलं घेऊन, त्या प्रत्येक खात्यात स्वतः वाढत जायच्या. खीर अप्रतिम. पण वाढताना विचारायच्या, "काय रे, त्या व्हॉल्व्हची गळती थांबली का?" आणि थांबली नसेल तर डाव हवेतच थांबायचा. त्या खिरीपायी आमच्याकडे जेवढे व्हॉल्व्ह दुरुस्त झाले, तेवढे कुठल्या इन्स्पेक्टरच्या धाकाने झाले नसतील.

त्यांच्याकडे चष्मे दोन. तपकिरी फ्रेमचा चढवला की त्या आपल्या वकील. काळ्या फ्रेमचा चढवला की समोरच्या पक्षाच्या. हे नाटक नव्हतं हो. काळा चष्मा लागला की बाई खरोखर ओळख विसरायच्या. एकदा मी मसुदा घेऊन बसलो होतो, समोर त्यांचाच चहा पीत. त्यांनी चष्मा बदलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपलं नाव सांगा. आणि हा चहा आपण कुणाच्या परवानगीने पिताय?" मी नाव सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. शपथसुद्धा घेतली असती, पण तेवढ्यात तपकिरी चष्मा परत आला आणि माझ्यापुढे बिस्किटं आली.

"खटला जिंकून देतो तो वकील मोठा वाटतो," त्या म्हणायच्या, "आणि खटला होऊच देत नाही तो नुसता कटकट्या वाटतो. मी कटकटीचा पगार घेते."

त्यांची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे जागेवरचं वाचन. कुठलंही वाक्य मंजुरीला नेलं की त्या कागदाकडे बघायच्याच नाहीत. म्हणायच्या, "कुठलं आहे हे वाक्य? तिथं जाऊन वाचा. मोठ्याने." वाक्य ज्या जागेबद्दल आहे त्या जागी उभं राहायचं, तिथल्या माणसांदेखत ते म्हणायचं आणि म्हणून झाल्यावरही आपण उभे असलो तर सही.

मी एकदा लिहिलं होतं, 'आमचे कामगार मोकळ्या हवेत श्वास घेतात.' मला भुकटी दळायच्या शेडमध्ये नेलं. मी 'मोकळ्या'पर्यंत पोचलो आणि जो खोकला सुटला, तो ऐकून बाहेर रुग्णवाहिका सुरू करून ठेवली होती. त्या दिवशी दळण फिरोजी रंगाचं होतं. पुढचा आठवडाभर मला फिरोजी शिंका येत होत्या. बायकोने एक रुमाल पुरावा म्हणून अजून जपून ठेवलाय. मॅडमनी माझं वाक्य खोडलं नाही. "राहू दे," म्हणाल्या, "आता ते खरं करू." आणि मी खोकत असतानाच त्यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राचा करार लिहायला घेतला. यंत्र बसलं. मग मला पुन्हा शेडमध्ये उभं केलं. मी वाक्य पूर्ण म्हटलं. दळणवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कुठल्याही वाक्याला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

ही सवय त्या घरीही घेऊन जायच्या. कल्याणला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. पत्रिकेत छापलेलं, 'मंगल परिणय ठीक अकरा वाजता.' अकराला मॅडम स्टेजवर. समोर रिकाम्या खुर्च्या, कोपऱ्यात केटररची माणसं कांदा चिरतायत. बाईंनी माइक घेतला आणि अख्खी पत्रिका, प्रेषकांच्या नावांसकट, कांद्यांना वाचून दाखवली. तेव्हापासून त्यांच्या नात्यात पत्रिकेवर 'अकराच्या सुमारास' छापतात. आणि गंमत अशी, की लग्नं अकरालाच लागतात. भीतीने.

हे सगळं विनोदी वाटतं ना? मलाही वाटायचं. मग ड्रमचं प्रकरण झालं.

कच्च्या मालाचे रिकामे निळे ड्रम आम्ही भंगारवाल्याला विकायचो. मॅडमनी करारात कलम घातलं, की प्रत्येक ड्रम गेटबाहेर जाण्याआधी भोकं पाडून निकामी करायचा. भंगारवाला रडकुंडीला आला. भोकाच्या ड्रमला कोण विचारतो? मालकही वैतागले. "कायद्यात बसतंय ना आपलं आत्ताचं? मग हे कशाला?"

"आमच्या चाळीत दारात असलाच निळा ड्रम होता," मॅडम म्हणाल्या. "आम्ही त्यातलं पाणी प्यायचो. वर इंग्रजीत काहीतरी छापलेलं. ते वाचता यायला मला पाचवी उजाडली. वाचलं आणि आईला सांगितलं. तिने त्याच दिवशी ड्रम फोडला. शिकल्याचा मला झालेला पहिला फायदा तो."

एवढंच. परत कधी त्या यावर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गेटवर ड्रमला भोकं पाडायचा ठणठणाट सुरू झाला.

आता ठमी.

ठमी म्हणजे मासळी. आमच्या रिसेप्शनमध्ये काचेची एक टाकी होती आणि तिच्याखाली माझ्याच लेखणीचा चमत्कार: 'आमच्या शुद्धीकरण प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मासे आनंदाने जगतात.' पाहुणे टाकीपाशी फोटो काढायचे. त्यांतली सगळ्यांत गुबगुबीत, चंदेरी, ती ठमी. नाव मालकांनी ठेवलेलं. मालक हा डोंगराएवढा माणूस. त्यांनी आवाज चढवला तर बॉयलर आपोआप विझायचा. पण सकाळी आल्यावर टेबलाकडे न जाता ते आधी टाकीपाशी वाकायचे आणि मारी बिस्किटाचा चुरा टाकत हळूच म्हणायचे, "काय ठमाबाई, झोप झाली का?" ठमी आली त्या दिवशी मोठी ऑर्डर आली होती, म्हणून ती लकी. तिला सर्दी होऊ नये म्हणून मालकांनी रिसेप्शनचा एसी बंद ठेवलेला. रिसेप्शनिस्ट उन्हाळाभर घामाघूम, ठमी मात्र टवटवीत.

आणि एक दिवस परदेशातली एक मोठी कपडे कंपनी आमचा रंग घ्यायला तयार झाली. ऑर्डर अशी, की कारखाना पुढची कित्येक वर्षं पळत राहावा. अट एकच. पर्यावरणाचं हमीपत्र, त्यावर कंपनीच्या वकिलाची सही. त्यांची प्रतिनिधी यायची होती आणि तिला फोटोत पाहिलेलं टाकीखालचं वाक्य भारी आवडलं होतं. तेच हमीपत्रात हवं होतं.

मी वाक्य सुंदर अक्षरांत टाइप करून मॅडमकडे नेलं. त्यांनी काळा चष्मा चढवला आणि भोईरला बोलावलं. भोईर सांडपाण्याचा प्लँट सांभाळायचा. त्याचं गाव कारखान्याला लागूनच.

"भोईर, टाकीत पाणी कुठलं?"

भोईरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मॅडम, मना कशाला इचारता? मालकान सांगलं तसा भरला. प्यायच्या पाण्याचा हाय."

"आणि मासे?"

"खडवलीशी आनलं. नदीवरशी. माझा मेव्हना ऱ्हातो तिथं."

मॅडमनी शांतपणे पेन उचललं, माझा कागद उलटा केला आणि मागे लिहिलं, 'आमच्या टाकीत खडवलीचे मासे पिण्याच्या पाण्यात जगतात.' खाली झोकदार सही केली. "हे घ्या. हे खरं आहे. यावर सही मिळेल."

तो कागद मालकांकडे न्यायचं काम अर्थात माझं. मालकांनी तो वाचला आणि जे बोलले ते मी मराठीत लिहू शकतो, पण छापणारा घाबरेल. मग ते स्वतः कंप्रेसरच्या खोलीत आले.

"मॅडम, आपलं पाणी पास होतं की नाही?"

"होतं."

"पुढे सगळ्या कारखान्यांच्या मोठ्या प्लँटला जातं, तिथे परत साफ होतं. आपण कायद्यात बसतो की नाही?"

"कायद्यात बसतो. या वाक्यात बसत नाही."

"उद्या ती बाई येतेय. तुमची सही नसेल तर मी बाहेरचा वकील आणतो. आणि मग मला आतल्या वकिलाची गरज काय, तेही बघतो."

 मॅडमनी चष्मा पुसला. मला वाटलं, तपकिरी लावतील. काळाच लावला.

"ठीक आहे मालक. सही करते. वाक्य घ्या आणि चला. तिथं जाऊन वाचा."

पाणी बाहेर पडतं तिथे एक उघडा चौकोनी हौद होता. त्या दिवशी पाणी फिकट चहाच्या रंगाचं होतं आणि वास असा, की नाकातले केस आपण होऊन राजीनामा देतील. मालक पांढरे बूट घालून काठावर उभे राहिले. कागद धरला. आणि सांगतो, त्या माणसाने वाक्य असं म्हटलं, असं म्हटलं, की मी लिहिलं तेव्हाही ते एवढं खरं वाटलं नव्हतं. जीभ अडखळली नाही, पापणी लवली नाही. 'आनंदाने' या शब्दावर तर हलकी तान घेतली. जागेवरचं वाचन पहिल्यांदाच हरलं होतं. मी मनातल्या मनात मॅडमच्या निरोप समारंभाचं भाषण लिहायला घेतलं.

"झालं?" मालक म्हणाले. "करा सही."

"करते. साक्षीदार तपासला की लगेच. भोईर."

भोईर मागून आला. त्याच्या हातात बादली आणि बादलीत ठमी.

"वाक्यात मासे आहेत," मॅडम म्हणाल्या. "मासळी हजर आहे, जागा हजर आहे. भोईर, सोड."

भोईरने जाळी बादलीत बुडवली. ठमी जाळीत आली, शेपूट मारू लागली. जाळी हौदावर आली.

"थांब."

आवाज मालकांचा. पण तो बॉयलर विझवणारा आवाज नव्हता. सकाळी टाकीपाशी वाकून बोलायचा तो होता. मालक पुढे झाले, पांढरा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला, त्यांनी जाळीखाली दोन्ही हात धरले आणि ठमीला परत बादलीत ठेवलं. मग बादली छातीशी धरून तसेच उभे राहिले. तेव्हा मला दिसलं, जाळीखाली मॅडमचाही हात होता. आधीपासून.

 मग भोईर, जरा पुटपुटल्यासारखा, म्हणाला, "मालक, माझा बापूस इथंच खेकडं धरायचा."

मॅडमनी काळा चष्मा काढून तपकिरी लावला. "मालक, आता मी तुमची वकील. बसा, दुसरं वाक्य लिहू."

ते वाक्य माझ्या आयुष्यात मी टाइप केलेलं सगळ्यात रूक्ष वाक्य. आमच्या पाण्यात आज मासे जगत नाहीत. ते जगावेत म्हणून आम्ही शेवटची गाळण टाकी बांधणार आहोत. अमुक मुदतीत बांधली नाही, तर ऑर्डर रद्द करण्याचा हक्क तुम्हाला. एक विशेषण नाही. मोर तर सोडाच, साधी चिमणी नाही. प्रतिनिधी बाई दुसऱ्या दिवशी आल्या, वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून का लिहून देताय?"

"उद्या तुमच्या वकिलाने मला विचारण्यापेक्षा मी आज सांगितलेलं स्वस्त," मॅडम म्हणाल्या. "आणि हे लिहून दिल्यावर आमच्या मालकांना टाकी बांधावीच लागेल. करार तुमच्याशी आहे, पण मी तो त्यांच्यासाठी लिहिलाय."

ऑर्डर मिळाली, पण अर्धी. उरलेली मिळणार होती गाळण टाकी झाल्यावर. मालकांनी बाहेरचा वकील आणला नाही, पण मॅडमशी बोलणं टाकलं. समोरासमोर बसून माझ्यामार्फत बोलायचे. "त्यांना सांगा, सिमेंटवाल्याचा करार झाला का." मी वळून, हातभर अंतरावरच्या मॅडमना सांगायचो. मॅडम मला सांगायच्या, "त्यांना सांगा, झाला, आणि बुटाला चिखल लागलाय." टाकी उभी राहीपर्यंत माझी मान भारतात सर्वाधिक वळलेली मान होती. मालक मात्र रोज त्या बांधकामावर जायचे. ठमीला काचेच्या टाकीतून हलवून त्यांनी स्वतःच्या केबिनमध्ये नेलं होतं आणि रिसेप्शनमधलं माझं वाक्य पितळी स्क्रूंसकट काढलं होतं.

गाळण टाकी चालू झाली, लॅबने पाणी तपासलं, सगळे आकडे छान आले. मी आनंदाने जुनं वाक्य शोधून मॅडमकडे धावलो.

"तिथं जाऊन—"

"माहीत आहे," मी म्हणालो.

आम्ही हौदापाशी गेलो तर मालक आधीच तिथे. हातात जेवणाचा स्टीलचा डबा, झाकण उघडं, आत ठमी. त्यांनी कागद मागितला नाही. तान नाही, काही नाही. गुडघ्यावर बसले, डबा पाण्यात तिरका केला आणि ठमी सरकून आत गेली. मग डोंगराएवढा तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत हौदाच्या काठावर बसून राहिला. मालक जेवले नाहीत, कारण डबा ठमीला दिला होता. भोईरने त्यांना चहा आणून दिला. मॅडमही शेजारी बसल्या, गमबूट पाण्याकडे सोडून.

उन्हं उतरली तेव्हा ठमी वर आली आणि तिने मारी बिस्किटासाठी तोंड उघडलं. मालक म्हणाले, "मॅडम, करा सही." माझ्यामार्फत नाही. थेट. मॅडमनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

मॅडम आता निवृत्त होऊन कल्याणला असतात. सोसायटीच्या नोटीस बोर्डापुढे त्यांनी काळा चष्मा लावला की सेक्रेटरी जिन्यावरूनच परत फिरतो म्हणे. हे सगळं लिहिल्यावर रीतीप्रमाणे मी त्यांना पाठवलं. शेवट मी असा केला होता: 'ठमी अजून त्याच हौदात आहे आणि आता मगरीएवढी झाली आहे.'

फोन आला. आवाज तसाच. माझ्या खिडकीच्या काचा थरथरल्या.

"बाकी तुमचं फेकणं मी सोडून देते. माणसांबद्दलचं आहे, माणसं बघून घेतील. पण ठमीबद्दलचं वाक्य, तिथं जाऊन वाचा."

गेलो. हौदाच्या काठावर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं. भोईर हातातलं काम टाकून ऐकायला आला. 'मगरीएवढी' म्हणताच ठमी वर आली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या नाकावर काळा चष्मा आहे.

मी पेन काढलं, 'मगरीएवढी' खोडून 'तळहाताएवढी' केलं. तिने पुन्हा पाहिलं.

बरं. लहान मुलाच्या तळहाताएवढी.